चॅनल एफ आणि जेरी लॉसन

टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम तुम्ही पाहिला असेल. एका गेमची कॅसेट काढायची, दुसरी खोचायची. ही सोय घरगुती खेळात पहिल्यांदा आली ती ‘चॅनल एफ’ या यंत्रात. आज त्याची गोष्ट ऐकू या.

१९७६ साली अमेरिकेतल्या फेअरचाइल्ड कंपनीनं हे यंत्र बाजारात आणलं. किंमत साधारण १७० डॉलर. त्याआधी यंत्रात जे खेळ बसवलेले असत तेवढेच खेळायचे. कंटाळा आला की यंत्र पडून. कॅसेट बदलण्याची मूळ कल्पना अल्पेक्स नावाच्या छोट्या कंपनीची. पण पोरांनी कितीदाही काढली-घातली तरी टिकेल अशी ती करायची होती. ते काम करणाऱ्या तुकडीचे प्रमुख होते जेरी लॉसन. खेळ मध्येच थांबवायचं बटणही या यंत्रात होतं. जेवायला हाक आली की थांबवा, नंतर पुढे खेळा!

लॉसन कृष्णवर्णीय. त्या क्षेत्रात तेव्हा असे इंजिनिअर फार थोडे. त्यांची आई मुलासाठी चांगली शाळा शोधत फिरली आणि तिथल्या पालक संघाची अध्यक्षही झाली. तेराव्या वर्षी लॉसननी हौशी रेडिओचा परवाना मिळवून घरातच केंद्र उभारलं.

१९७७ मध्ये अटारीचं यंत्र आलं आणि चॅनल एफ मागे पडलं. लॉसन यांचं नावही विस्मरणात गेलं. त्यांचा जाहीर गौरव झाला मार्च २०११ मध्ये. एप्रिलमध्ये ते वारले.

आज हौशी लोक हे यंत्र जमवतात. आधी पाहतात, चालू आहे का. पहिल्या नमुन्यात खेळायच्या दांड्यांच्या वायरी डब्यालाच कायमच्या जोडलेल्या, म्हणून त्या शाबूत हव्यात. मग पिवळ्या कॅसेटी, खोका, माहितीपुस्तिका. सगळं एकत्र असेल तर मोल जास्त. लॉसन यांची कागदपत्रं रॉचेस्टरच्या स्ट्राँग संग्रहालयानं जपली आहेत.

मैत्रिणींनो, आपल्या गटाचं पहिलं शिलाई मशीन, पहिली वही कुठे आहे? भंगारात देण्याआधी एक चिठ्ठी बांधा: कोणत्या साली घेतलं, कितीला, कुणी आणलं, कोण चालवायचं. वस्तू किलोवर जाते. तिच्यामागच्या बाईचं नाव मात्र कागदावर उतरलं तरच राहतं.