डिस्चार्ज मिळाला, पण पुढे काय?

पालघर, बोईसर, तारापूर आणि लोकलमध्ये इअरफोन लावून उभे असलेले सगळेच. आज डिस्चार्जबद्दल बोलायचंय. बिल भरलं, फाईल घेतली, रिक्षा केली की झालं, असं आपण धरून चालतो. पण काही पेशंट महिन्याच्या आत परत भरती होतात आणि दर वेळी औषध चुकीचं असतं असं नाही.

माझे एक काका बोईसरला राहतात, कामाला वसईला जातात. हृदय कमजोर, अंगात पाणी साठतं. डिस्चार्जला लघवीवाटे पाणी काढणारी गोळी दिली, सकाळी एक. वॉर्ड भरलेला, सिस्टरची ड्युटी संपत आलेली, पाच मिनिटांत कागद हातात. चौथ्या दिवशी काका कामावर. आता ही गोळी घेतली की तासाभरात सारखं जावं लागतं, आणि आपल्या डहाणू लोकलला संडास नाही! मग काकांनी गोळी फक्त रविवारी घ्यायला सुरुवात केली. बाराव्या दिवशी पाय सुजले, धाप लागली, परत ॲडमिट.

फाईलवर सगळं बरोबर होतं हो. फक्त "काका, सकाळी किती वाजता निघता?" हे कुणी विचारलं नव्हतं. मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे साधं ॲप सोडलं तरी पहिले काही दिवस कुणीतरी नजर ठेवून असतं.

बोस्टनमध्ये हे करून बघितलंय. ७४९ पेशंट, अभ्यास छापला गेला २००९ मध्ये. निम्म्यांसोबत नर्स बसली, सोप्या भाषेतली पुस्तिका दिली, पुढची तारीख ठरवली. दोन-चार दिवसांनी फार्मासिस्टने फोन केला. त्यांचं महिन्याभरात पुन्हा हॉस्पिटल गाठण्याचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी झालं.

आणि आपल्याकडे हे अगदीच नवं नाही बरं का. दवाखान्यात बाळ जन्मलं की आशाताईंनी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी जायचं, असं ठरलेलंच आहे. काकांच्या घरी कोण येणार?

दुसऱ्या डिस्चार्जला एक सिस्टर खुर्ची ओढून बसल्या. "आता तुम्ही मला सांगा, कोणती गोळी कधी?" काका अडखळले, तेव्हा लोकलची गोष्ट बाहेर आली. डॉक्टरांनी गोळी दुपारी, कामावर असताना घ्यायला सांगितली. रोज सकाळी वजन करायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच फोन.

तुम्ही मात्र गोळीची वेळ स्वतःहून बदलू नका हं, आधी विचारा. तुमच्या घरी असं काही झालं असेल तर व्हॉइस नोट पाठवा.