‘शुद्ध’ केलेलं पाणी

हैदराबादजवळ पाटणचेरू नावाची मोठी औद्योगिक वसाहत आहे. तिथं तयार होणारी औषधं जगभर जातात. नव्वदेक कारखान्यांचं सांडपाणी एका सामायिक प्रक्रिया केंद्रात यायचं आणि शुद्ध करून ओढ्याला सोडलं जायचं. स्वीडनचे शास्त्रज्ञ योआकिम लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे ‘शुद्ध’ पाणी तपासलं. 2007 साली निष्कर्ष छापून आले. लिटरमागे 31 मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक! गोळी घेतलेल्या रुग्णाच्या रक्तातही ते इतकं नसतं. एका दिवसात सुमारे 45 किलो औषध वाहून गेलं. 500 मिलिग्रॅमच्या 90,000 गोळ्या झाल्या या.

मग शुद्ध काय झालं? सांडपाणी साफ करतात ते जिवाणूच. टाकीत हवा सोडून त्यांना वाढवायचं, ते घाण खातात. त्याच टाकीत प्रतिजैविक आलं की लेचेपेचे जिवाणू मरतात, चिवट तेवढे उरतात. एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण औषधाला दाद न देण्याचा गुण ते एकमेकांना देतात. प्लाझ्मिड नावाचं जनुकांचं एक इवलंसं कडं एका जिवाणूतून दुसऱ्यात जातं, अगदी परक्या जातीच्याही. निरुपद्रवी जिवाणूकडचा गुण असा रोगजंतूच्या हाती लागतो. बाहेर पडणारं पाणी नितळ दिसतं, पाण्यातली घाण मोजणारे बीओडी-सीओडीचे आकडे नियमात बसू शकतात. औषध मोजायची सक्तीच नसते.

तेलंगणातल्या ओढ्याशी आपला काय संबंध, असं कृपया म्हणू नका. तो ओढा नक्कावागूला मिळतो, नक्कावागू मांजरेला. आपलीच मांजरा! बीडच्या पाटोदा तालुक्यात उगम पावते, लातूरची तहान भागवते, तेलंगणात जाते आणि वळून नांदेडच्या सीमेवर गोदावरीला मिळते.

जानेवारी 2020 मध्ये केंद्र सरकारने औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात प्रतिजैविकं किती चालतील, याच्या मर्यादा मसुद्यात घातल्या होत्या. 2021 च्या अंतिम नियमांतून त्या गाळल्या गेल्या. हे मला अक्षम्य वाटतं. 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने याविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या, पण सूचना म्हणजे कायदा नव्हे.

आपल्या हातातलं आपण करूच: उरलेल्या गोळ्या मोरीत टाकू नका, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय प्रतिजैविक घेऊ नका. आणि तुमच्या खासदारांना एक पत्र लिहा: गाळलेल्या त्या मर्यादा नियमांत परत आणा.