जिमी होगन : एका फुटबॉल-कामगाराची हकीकत



मजूर चळवळीतला माणूस व्यासपीठावर चढला म्हणजे तो बोनस आणि किमान वेतन यांवर बोलणार, असे श्रोते धरूनच चालतात. आम्ही आज फुटबॉलवर बोलणार आहो. चिटणिसांना विषय कळविला तेव्हा त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे वाचनालयात आणि संपाच्या मांडवात झाले. तेव्हा पंडिती भाषण आमच्याकडून होणार नाही. ज्याने पायांच्या कसबावर पोट भरले आणि पुढे तेच कसब दुसऱ्यांना शिकविले, अशा एका माणसाची हकीकत तेवढी सांगावयाची आहे.

त्याचे नाव जिमी होगन. जन्म १६ ऑक्टोबर १८८२, गाव नेल्सन, परगणा लँकेशायर. लँकेशायर हे नाव आपणांस परके नाही. आपल्या पणज्याच्या अंगावर जे विलायती धोतर असे ते याच पट्ट्यातल्या मागांवर विणलेले असे, आणि पुढे ज्याची होळी झाली तेही तेथलेच. त्या होळीने तेथले माग थंडावले. तरीही १९३१ साली गांधीजी तिकडे गेले तेव्हा गिरणीतल्या बायाबापड्यांनी त्यांचे हसतमुखाने स्वागत केले. होगनचा बाप गिरणीतलाच. मुलाने धर्मगुरू व्हावे अशी त्याची इच्छा, म्हणून पोराला मँचेस्टरच्या कॅथलिक शाळेत घातले. पोराने तो मार्ग सोडला आणि चेंडू धरला.

होगन मोठा खेळाडू नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघात त्याला कधी घेतले नाही. रॉचडेल, बर्नली, नेल्सन, फुलहॅम, स्विंडन, बोल्टन, अशी त्याची भ्रमंती झाली. आपल्याकडे इचलकरंजीचा विणकर भिवंडीला जातो, तेथून मालेगावला जातो, जेथे माग रिकामा असेल तेथे उभा राहतो; तसा हा फिरता कारागीर. १९०८ साली फुलहॅमसह तो एफ. ए. कपाच्या उपान्त्य फेरीपर्यंत पोचला. तेथे न्यूकॅसलने त्यांना सहा गोलांनी हरविले. खेळाडू म्हणून त्याच्या कीर्तीचे शिखर तेवढेच.

आता मजुरीचे पाहू. तो विषय सोडून आम्हांला पुढे जाता येत नाही. १९०१ पासून इंग्लंडात फुटबॉलपटूच्या पगाराला कमाल मर्यादा होती : आठवड्यास चार पौंड. आपण किमान वेतनासाठी भांडतो. तेथे कमाल वेतनाचा कायदा मालकांनी आपसांत करून घेतला होता. चार पौंड म्हणजे गिरणीतल्या विणकराच्या मजुरीपेक्षा कितीतरी अधिक, हे खरे. 'मग ओरड कशाची?' असे कोणी विचारील. ओरड अशी की, विणकर चाळीस वर्षे उभा राहतो, आणि खेळाडूचा गुडघा दहा वर्षांत जातो. शिवाय चार पौंड ही वरची मर्यादा. ती पुष्कळांच्या वाट्यास येत नसे. बर्नली क्लबाशी होगनचा पगारावरूनच खटका उडाला आणि त्याने तो क्लब सोडला.

परंतु पगारापेक्षा वाईट गोष्ट दुसरी होती. खेळाडूचा करार संपला तरी त्याचे नाव क्लबाच्या यादीत अडकून राही. क्लबाने सोडचिठ्ठी दिली नाही तर लीगमधल्या दुसऱ्या कोणत्याही क्लबात त्याला खेळता येत नसे, मग जुना क्लब पगार देवो वा न देवो. आपल्याकडे ऊसतोडणीच्या आणि वीटभट्टीच्या कामगाराला उचल देऊन बांधून ठेवतात. पण त्याने निदान उचल घेतलेली असते हो! या बिचाऱ्यांनी तीही घेतलेली नव्हती. म्हणून पुष्कळ खेळाडू दक्षिणेकडच्या सदर्न लीगमध्ये जात. १९१० च्या सुमारापर्यंत तेथे लीगच्या याद्या चालत नसत. फुलहॅम क्लब होगनने धरला तेव्हा तो सदर्न लीगचाच होता, आणि स्विंडनही.

२ डिसेंबर १९०७ रोजी मँचेस्टरच्या इंपीरियल हॉटेलात खेळाडूंनी आपली युनियन काढली. पुढाकार बिली मेरेडिथचा. हा वेल्समधल्या कोळशाच्या खाणीत पोरवयापासून राबलेला, तेव्हा युनियन म्हणजे काय हे त्याला शिकवावे लागले नाही. १९०९ साली मालकपक्षाने दमदाटी केली तेव्हा बहुतेक क्लबांतले खेळाडू बिचकले, पण मँचेस्टर युनायटेडचे पोरगे ठाम राहिले. १९१२ साली किंगबी या खेळाडूच्या वतीने ॲस्टन व्हिला क्लबावर दावा लावला. तो हरला, आणि खर्चाने युनियनचे कंबरडे मोडले. कमाल पगाराची मर्यादा सुटली ती १९६१ च्या जानेवारीत, संपाची नोटीस दिल्यावर. आणि सोडचिठ्ठीची बेडी न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी १९६३ साली जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यात बेकायदा ठरविली. १९०७ ते १९६३. आमच्या तरुण कार्यकर्त्यांना दोन तारखा पडल्या की घाम फुटतो. त्यांनी हा हिशेब जरा मांडून पाहावा.

होगन या लढ्यातला पुढारी नव्हे. त्याचे भांडण निराळ्या गोष्टीवरून होते, आणि ती आम्हांला तितकीच महत्त्वाची वाटते. ती म्हणजे कसब कोणी शिकवावयाचे? त्या काळी इंग्लंडात अशी समजूत होती की, कसब जन्मजात असते; ज्याला येते त्याला येते. आठवडाभर खेळाडूंना मैदानाभोवती पळवीत आणि चेंडू कुलपात ठेवीत. चेंडूची भूक लागली म्हणजे शनिवारी सामन्यात गडी तुटून पडेल, असा हिशेब! विणकराला सहा दिवस मागापासून दूर ठेवा म्हणजे सातव्या दिवशी तो उत्तम कापड विणील, असे कोणी म्हटले तर त्याला आपण वेड्यात काढू. होगनचा एक फटका एकदा गोलावरून गेला. त्याने मॅनेजरला विचारले, माझे काय चुकले? पाय चुकला की तोल? मॅनेजर म्हणाला, मारत राहा बाबा, दहांत एक गेला तरी पुष्कळ. हे उत्तर होगनच्या मनात सलत राहिले. दहांतले नऊ वाया का जातात, हे शोधणे हाच पुढे त्याचा धंदा झाला.

बोल्टनचा संघ हॉलंडात गेला असता डॉर्ड्रेख्ट गावच्या संघाचा त्यांनी दहा गोलांनी धुव्वा उडविला. बाकीचे हसले, होगन म्हणाला, मी परत येऊन या पोरांना शिकवीन. आणि १९१० साली, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, तो खरेच गेला. दोन वर्षांनी व्हिएन्नाच्या ह्यूगो माइस्लने त्याला ऑस्ट्रियाच्या संघासाठी बोलावले. आरंभी मोठ्या खेळाडूंना याचे शिकविणे रुचेना. चेंडू पायाखाली कसा घ्यावा, हे काय आम्हांला शिकवतोस? पोरे मात्र ऐकत. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रियाने जर्मनीला पाच विरुद्ध एक असे हरविले, आणि मग हॉलंडकडून तीन-एकने मार खाल्ला. मास्तरच्या जुन्या शाळेने नव्या शाळेला हरविले म्हणा ना.

१९१४ साली तो बायकामुलांसह व्हिएन्नात आला आणि महायुद्ध पेटले. आधी त्याने ब्रिटिश वकिलातीत चौकशी केली होती. तेथे सांगितले की घाबरण्याचे कारण नाही. लगेच त्याला शत्रुराष्ट्राचा माणूस म्हणून धरून नेले. पुढे बायकामुले इंग्लंडला परतली. व्हिएन्नात दुकान असलेल्या ब्लाइथ नावाच्या इंग्रज बंधूंनी त्याला जामिनावर सोडवून घरी ठेवले. त्यांच्या मुलांना तो टेनिस शिकवी आणि पडेल ते काम करी. तेथून बुडापेस्टच्या एम. टी. के. क्लबाने त्याला नेले. पोलिसांकडे हजेरी लावावयाची आणि मैदानावर शिकवावयाचे, असा क्रम.

या क्लबाचे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. तेथील बागेत होगनने दोन पोरांना खेळताना पाहिले आणि त्यांना उचलले. एक ग्यॉर्ग ऑर्ट, दुसरा योझेफ ब्राउन. दोघेही पंधरासोळा वर्षांचे. दुपारी शाळा सुटली की तो त्यांना घेऊन बसे : फळ्यावर आकृत्या काढून दाखवी, मग चेंडू देई. १९१७ आणि १९१८ असे लागोपाठ दोन हंगाम क्लब अजिंक्य ठरला, आणि होगन गेल्यावरही १९२५ पर्यंत ते पद कोणास मिळू दिले नाही. ब्राउन ज्यू होता. दुसऱ्या महायुद्धात त्याला वेठीस धरून रशियन आघाडीवर नेले, तेथेच १९४३ साली तो मेला. क्लबाचे अध्यक्ष आल्फ्रेड ब्रूल यांना १९४४ साली आउशविट्झला संपविले. फुटबॉलच्या पुस्तकांत गोलांचे आकडे असतात. आम्हांला ही दोन नावेही त्याच पानावर वाचावीशी वाटतात.

पहिले युद्ध संपले आणि होगन कफल्लक होऊन घरी आला. लिव्हरपूलला तंबाखूच्या कारखान्यात माल रवाना करण्याच्या कामावर लागला. कोणी सांगितले की, युद्धामुळे हलाखीत आलेल्या धंदेवाईक खेळाडूंसाठी फुटबॉल असोसिएशनजवळ निधी आहे, दोनशे पौंडांपर्यंत मदत मिळते. प्रवासखर्चाला पाच पौंड उसने घेऊन हा लंडनला गेला. सेक्रेटरी फ्रेडरिक वॉल यांनी त्याला खाकी लोकरी मोज्यांचे तीन जोड दिले. आघाडीवरच्या पोरांना आम्ही हेच पाठवीत होतो आणि त्यांनी आभार मानले, असे वर सांगितले. अर्थ असा की, तू लढलास कोठे? शत्रूच्या मुलखात चेंडू खेळत होतास! ही गोष्ट होगन जन्मभर सांगत असे. अर्ज घेऊन कचेरीच्या दारात उभा राहिलेला माणूस आम्ही रोज पाहतो. नाही म्हटल्याचे त्याला फारसे वाटत नाही. नाही म्हणताना जी चेष्टा होते ती त्याला झोपू देत नाही.

तो पुन्हा परदेशी गेला. स्वित्झर्लंड झाले, हंगेरी पुन्हा झाले, जर्मनी झाले. जर्मनीत त्याने गावोगाव व्याख्याने दिली. जर्मन भाषा मोडकीतोडकी, त्यामुळे श्रोते हसत. ड्रेस्डेनला असेच हसू झाले तेव्हा याने बूट-मोजे काढले आणि अनवाणी पायाने चेंडू असा मारला की समोरची फळी फुटली. व्याख्यात्याला असे काही करता येत असते तर किती बरे झाले असते, असे आम्हांला अनेकदा वाटते. पुढे माइस्लच्या ऑस्ट्रियन संघाबरोबर तो ७ डिसेंबर १९३२ रोजी लंडनला आला. ऑस्ट्रिया चार-तीनने हरली, पण इंग्रजांची छाती धडधडली.

मायदेशी मात्र कथा तीच. १९३४ साली फुलहॅमने त्याला मॅनेजर नेमले. मुरलेल्या खेळाडूंना शिकवणीची गरज नाही असे त्या मंडळींचे मत पडले, आणि एकतीस सामन्यांनंतर, हा आंत्रपुच्छाच्या दुखण्याने इस्पितळात असताना, त्याला नोकरीवरून काढले. १९३६ साली ऑस्ट्रियाच्या हौशी संघाला त्याने बर्लिन ऑलिंपिकचे रौप्यपदक मिळवून दिले. मग ॲस्टन व्हिला. क्लब नुकताच दुसऱ्या विभागात घसरला होता. १९३८ साली होगनने तो वर आणला. वर्षभरात पुन्हा युद्ध आले.

आता २५ नोव्हेंबर १९५३. वेम्बली मैदान, एक लाख पाच हजार प्रेक्षक. युरोप खंडातल्या कोणत्याही संघाने इंग्लंडला त्यांच्या घरी तोवर हरविलेले नव्हते. हंगेरीने सहा विरुद्ध तीन गोलांनी हरविले. त्यांतले तीन गोल हिदेगकुटीचे. तो एम. टी. के.चाच खेळाडू, त्या काळी सरकारने क्लबाला दिलेल्या नावाचा अर्थ 'लाल बावटा' असा होतो, हे आमच्या बावट्याखालच्या मंडळींना ऐकून बरे वाटेल. सामन्यानंतर हंगेरीच्या फुटबॉल-संघटनेचे अध्यक्ष शांदोर बार्च यांनी सांगितले की, आम्हांला फुटबॉलचे जे काही येते ते जिमी होगनने शिकविले.

याबाबत आमचे मत थोडे निराळे आहे. होगनच्या आधी रॉबर्टसन नावाचा स्कॉटिश खेळाडू त्याच क्लबात शिकवून गेला होता. शिवाय पुश्काश आणि मंडळी ज्या गल्ल्यांत खेळून तयार झाली तेथे होगन नव्हता. एका माणसाच्या नावावर सारे राष्ट्र लिहावयाचे ही इतिहासकारांची खोड आहे; गिरणीचा इतिहासही असाच मालकाच्या नावाने लिहितात. तरीही पाहुण्याने जिंकल्या दिवशी आठवण काढावी, आणि यजमानांनी पस्तीस वर्षांपूर्वी मोजे द्यावेत, ही गोष्ट काही पुसली जात नाही.

आपल्याकडेही असा एक मास्तर होऊन गेला : हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. पेशाने शाळामास्तर. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्यांच्या संघाने ऑस्ट्रेलियाला चार-दोनने हरविले. तीन गोल आपल्या गोमंतकीय नेव्हिल डिसोझाचे. १९६२ साली जकार्त्याला आशियाई सुवर्णपदक, आणि १९६३ साली रहीमसाहेब वारले. त्यांच्यावर चित्रपट निघाला तो २०२४ साली! कोल्हापुरात पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ यांच्या सामन्याला शाहू स्टेडियम भरून वाहते. त्या गर्दीतल्या मंडळींना आमचे एवढेच विचारणे आहे की, आपल्या तालमीच्या पोरांना शिकवितो कोण, आणि महिनाअखेर त्याच्या हातात काय पडते?

वेम्बलीच्या त्या दिवशी होगन मैदानात हजर होता. वय एकाहत्तर. ॲस्टन व्हिलाच्या लहान पोरांना शिकविण्याचे काम तेव्हा त्याच्याकडे होते, आणि त्या पोरांना घेऊन तो सामना पाहावयास आला होता. ते काम त्याने १९५९ पर्यंत केले. मग तो बर्नलीला राहावयास गेला, आणि तेथेच ३० जानेवारी १९७४ रोजी, एक्याण्णवाव्या वर्षी वारला.