वाढत्या वयाचा आवाज



मूल मोठं होण्याची कादंबरी म्हटली की आपली चर्चा विषयांपाशीच थांबते. शाळा, पहिलं प्रेम, घरातला मृत्यू, वडिलांशी पडलेलं अंतर. हे सारे विषय खरेच आहेत, पण तेवढ्यावर कादंबरी तगत नाही. ती तगते सांगणाऱ्याच्या आवाजावर. त्या वयात जे कळत नव्हतं, ते लेखकाने न कळलेलंच ठेवलं पाहिजे आणि त्या वयाच्या कानावर पडणाऱ्या सगळ्या भाषा त्या आवाजात आल्या पाहिजेत, असं माझं मत आहे.

हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' 1890 पासून 'करमणूक'मधून क्रमशः येऊ लागली. तिची नायिका यमू मोठी झाल्यावर, वैधव्य आल्यावर आपली हकिकत सांगते. तरी सुरुवातीच्या प्रकरणांत तिची नजर लहान मुलीचीच राहते. मोठ्यांचे वाद, आईचं सोसणं ती पाहते. त्याचा पुरता अर्थ तिच्याआधी वाचकाला लागतो आणि त्या फरकातूनच वाचकाची तगमग सुरू होते. जिथे हरिभाऊंमधला सुधारक पुढे होऊन समजावू लागतो, तिथे पकड सैल होते. पुढे सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानात 1904 साली यमूसारख्या मुलींच्या बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला. कायद्याने लग्नाचं वय ठरवून दिलं. त्या वयाच्या मनात काय चाललेलं असतं, ते आपल्याला यमूकडून कळतं.

यावर 'कोसला' पुढे केली जाईल. 1963 च्या त्या कादंबरीतला पांडुरंग सांगवीकर पंचविशीचा आहे, मूल नाही. खरं आहे, पण मागे वळून पाहताना तो शहाणपणाचा आव आणत नाही. धाकट्या बहिणीच्या मृत्यूचा भाग आठवा. तिथे दुःखाचा उलगडा नाही, नुसती होरपळ आहे.

प्रकाश नारायण संतांचा लंपन मला या वाटेवर सर्वांत पुढे गेलेला वाटतो. 'वनवास' 1994 साली पुस्तकरूपाने आलं. त्या कथा आहेत, कादंबरी नव्हे, हा आक्षेप तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण लंपनची चारही पुस्तकं ओळीने वाचली तर एक मुलगा आपल्यासमोर वाढतो. आई-वडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहणाऱ्या या मुलाच्या मराठीत बेळगावकडची कानडी सहज मिसळलेली आहे. मनाला येतील ते आकडे सांगण्याची त्याची खोड तर त्याच्या भावनेचं मापच होऊन बसते. अशी भाषा पुण्या-मुंबईच्या वाचकाला परकी वाटेल, ही भीती लंपननेच खोटी ठरवली. कानडी न येणाऱ्यांनीही त्याला जवळ केलं, कारण शब्द अडला तरी प्रसंग अडत नाही.

भाषांच्या या मिसळीविषयी मी बडोद्याजवळच्या डभोईत आग्रहाने बोलतो आहे. याच गावात राहून कवी दयारामांनी गुजरातीबरोबर व्रजभाषेतही रचना केल्या. गायकवाडी अमलात इकडे स्थिरावलेल्या मराठी घरांतलं मूल आईशी मराठीत भांडतं आणि शाळेत, बाजारात गुजराती बोलतं. अशा मिश्रणाने मराठी बिघडेल, असं म्हणणाऱ्यांची भाषेविषयीची काळजी मी समजू शकतो. पण त्या मुलाच्या तोंडी सदाशिव पेठेची मराठी घातली, तर भाषा शुद्ध राहील आणि मूल खोटं होईल. इथल्या तरुण लेखकांनी या मुलाची कादंबरी लिहावी. त्यातले गुजराती शब्द तिरक्या अक्षरांत वेगळे काढू नयेत, तळटीपांत समजावूही नयेत.