कांडी, नाक आणि खरे बोलण्याची किंमत

(लेस्टर येथील बैठकीत केलेल्या भाषणाचे लिखित रूप)



इस्पितळात जाण्यापूर्वी घरी करायच्या स्वॅब टेस्टवर बोलणार असे मी कळवले, तेव्हा एक-दोघांनी विचारले, "हा काय भाषणाचा विषय झाला?" जात, धर्म, शिक्षण, स्थलांतर यांवर आपण इथे तासन्‌तास बोलतो. नाकात कांडी फिरवायला भाषण कशाला हवे? माझे म्हणणे असे, की या कापसाच्या कांडीत जीवशास्त्र थोडे आणि समाजशास्त्र बरेच आहे.

आधी एक खुलासा. मी डॉक्टर आहे ती पीएच.डी.ची, औषधे लिहून देणारी नव्हे. तेव्हा भाषणानंतर कोणी गुडघे दाखवू नयेत!

आपली पिढी आता मोतीबिंदू, गुडघे, बायपास या वयाकडे सरकते आहे. आईवडील तर तिथे पोहोचलेच आहेत. ऑपरेशनची तारीख मिळाली की त्याआधी स्वॅब आला. काही ठिकाणी तो नर्स घेते, काही ठिकाणी कांडी आणि नळी हातात देतात किंवा घरी पाठवतात. यात बहुधा शोधतात तो एम.आर.एस.ए., म्हणजे मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस. मेथिसिलिन वापरात आले १९५९ साली, आणि त्याला न जुमानणारे जंतू इंग्लंडमध्येच १९६१ साली नोंदले गेले. औषधाला दोन वर्षेही निर्विघ्न मिळाली नाहीत.

साधा स्टॅफ ऑरियस सुमारे तीनातल्या एका निरोगी माणसाच्या नाकात सुखाने राहतो. या खोलीत आपण तीस जण आहोत, तर दहा जणांकडे तो असायला हरकत नाही. त्याचा एम.आर.एस.ए. हा भाऊ त्यामानाने थोड्यांकडे असतो. तोही कातडीवर आणि नाकात असेपर्यंत काही करत नाही. शस्त्रक्रियेच्या जखमेतून किंवा सलाईनच्या नळीवाटे आत शिरला तर मात्र रक्तात विष पसरवतो. इंग्लंडमध्ये २००३-०४ या वर्षात एम.आर.एस.ए. रक्तात गेल्याच्या सुमारे ७,७०० घटना नोंदल्या गेल्या. मग हात धुण्याची शिस्त आली, नळ्यांची काळजी घेतली जाऊ लागली, आणि एप्रिल २००९ पासून ठरवून दाखल होणाऱ्या रुग्णांची सरसकट तपासणीही सुरू झाली. दहा वर्षांच्या आत हा आकडा हजाराच्या खाली आला. २०१४ पासून ही तपासणी जास्त जोखमीच्या रुग्णांवर व विभागांवर केंद्रित झाली. हे यश एकट्या कांडीचे नाही, पण तिचा त्यात वाटा आहे.

आता घरी करायची कृती. हात धुवा. कांडीचे टोक कशालाही लावू नका. नाकपुडीच्या पुढच्या भागातच, कडेला टेकवून, चार-पाच वेळा फिरवा. तीच कांडी दुसऱ्या नाकपुडीत. मेंदूपर्यंत जायचे कारण नाही. जांघेचा किंवा घशाचा नमुना मागितला असेल तर त्याची कांडी वेगळी. नळीवर नाव, जन्मतारीख आणि वेळ लिहा. ही शेवटची गोष्ट सर्वांत सोपी, आणि नमुने वाया जातात ते अनेकदा तिच्याचमुळे. सूचनापत्रक इंग्रजीत असते, म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना ते मराठीत वाचून दाखवा आणि कांडी त्यांची त्यांना फिरवू द्या. "आईला त्रास नको" म्हणून सुनेने स्वतःच्या नाकातला नमुना पाठवला, तर तो सुनेचा अहवाल होतो.

आपण हसलात, पण माझा मुद्दा इथेच सुरू होतो. घरी केलेली टेस्ट पूर्णपणे प्रामाणिकपणावर चालते. कोणाच्या नाकात कांडी गेली हे प्रयोगशाळेला दिसत नाही. कोविडच्या काळात हे आपण पाहिले. २०२१ साली रुग्णाला भेटायला जाण्यापूर्वी घरी लॅटरल फ्लो करा असे सांगत. रेघ एक की दोन, हे सांगणारे आपणच. पुण्याच्या मायलॅबच्या 'कोविसेल्फ' या संचाला आय.सी.एम.आर.ने मे २०२१ मध्ये मान्यता दिली. घरी करण्याची ती भारतातली पहिली कोविड टेस्ट. तिचा नियम मार्मिक होता. पॉझिटिव्ह आले तर ते खरे धरा. लक्षणे असून निगेटिव्ह आले तर त्यावर विसंबू नका, पी.सी.आर. करा. कारण विषाणू थोडे असतील तर ही पट्टी ते पकडू शकत नाही. निगेटिव्ह म्हणजे "या क्षणी, या नमुन्यात सापडला नाही", एवढेच.

मग माणसे खरे केव्हा सांगतात? माझे उत्तर साधे आहे: खरे सांगण्याची किंमत परवडते तेव्हा. इतिहासातली दोन गावे पाहू. त्यातले एक हेच, आपले लेस्टर.

मार्च १८८५ मध्ये सक्तीच्या देवीच्या लसीविरुद्ध या गावात प्रचंड मोर्चा निघाला होता. त्यांचा लसविरोध चूक होता, हे मी इथे स्पष्ट सांगते. देवी जगातून गेली ती लसीमुळेच. पण त्याच लेस्टरने एक पद्धत घालून दिली, जिला 'लेस्टर मेथड' म्हणतात. देवीचा रोगी आढळला की ताबडतोब कळवायचे, रोग्याला वेगळे ठेवायचे, घरच्यांनाही काही दिवस विलग ठेवायचे. आणि कामावर न जाता आल्याने बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यायची. कळवणाऱ्याच्या घरची चूल विझणार नाही, याची तजवीज त्या योजनेतच होती.

आता बारा वर्षे पुढे, त्याच साम्राज्यातल्या पुण्यात. १८९७ सालचा प्लेग. रँडच्या प्लेग कमिटीने गोरे सोल्जर घराघरांत घुसवले. झडत्या, सामानाची जाळपोळ, बायकांची विटंबना. लोकांनी काय केले? आजारी माणसे लपवली, प्रेतेसुद्धा लपवली. २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. प्लेग हटवण्याचे उद्दिष्ट खोटे नव्हते, पण खरे सांगण्याची किंमत इतकी होती की ते कोणी सांगेना. त्याच साथीत सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत पुण्याबाहेर रोग्यांची शुश्रूषा करत होते. आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणणाऱ्या सावित्रीबाई स्वतः प्लेगने १० मार्च १८९७ रोजी गेल्या. सोल्जरला पाहून दार लावून घेणारे लोक अशा हातांत मात्र आपले मूल देतात. यातून सार्वजनिक आरोग्याने शिकायचे ते हेच.

आणि पुन्हा लेस्टर, २०२०. जूनच्या अखेरीस देशातले पहिले स्थानिक लॉकडाऊन आपल्यावर आले. दारोदार टेस्टचे संच वाटले गेले. पण आजारपणाचा सरकारी किमान भत्ता तेव्हा आठवड्याला ९५ पौंड ८५ पेन्स होता. इथल्या शिवण कारखान्यांत कमी मजुरीवर राबणाऱ्या बाईने नाकात कांडी घालून स्वतःवर ही वेळ का ओढवून घ्यावी? १८८५ सालच्या लेस्टरला जे कळले होते, ते २०२० सालच्या कारभाऱ्यांना पुरते उमगले नाही.

आपल्यातले बहुतेक जण पगारी नोकरीवाले. आपल्याला पैशाची किंमत फारशी पडत नाही. आपली किंमत वेगळी असते, आणि तिचे नाव विटाळ. एम.आर.एस.ए. सापडला म्हटले की आपल्या घरात पहिला प्रश्न येतो, "आमच्याकडे इतकी स्वच्छता असताना?" रोज आंघोळ, देवपूजा, चपला दाराबाहेर, मग जंतू आला कसा? जंतू सोवळे पाहत नाही. तो इस्पितळातून येतो, जिममधून येतो, हस्तांदोलनातून येतो. अंगावर वावरणे वेगळे आणि रोग होणे वेगळे. उपायही किरकोळ आहे: साधारण पाच दिवस जंतुनाशक द्रवाने अंघोळ, आणि नाकात मलम. त्यासाठी बरेचदा वापरतात ते मुपिरोसिन मुळात दुसऱ्या एका जिवाणूपासून मिळालेले आहे. म्हणजे पाच दिवसांचा प्रश्न, आणि आपण तो खानदानाच्या अब्रूचा करतो. अस्पृश्यतेविरुद्ध ठराव करणाऱ्या आपल्यासारख्या मंडळींनी पॉझिटिव्ह शेजारणीचा डबा परत पाठवू नये, एवढे तरी जमायला हवे.

विटाळासारखीच दुसरी किंमत आहे देशाभिमानाची. इथल्या फॉर्मवर बहुधा एक प्रश्न असतो: गेल्या बारा महिन्यांत परदेशात इस्पितळात दाखल होता का? कारण जवळजवळ शेवटच्या फळीतल्या प्रतिजैविकांनाही न जुमानणारे आतड्यातले जंतू. त्यांच्यातल्या एका विकराला 'न्यू डेल्ही' हे नाव मिळाले, एन.डी.एम.-१. दिल्लीत उपचार घेतलेल्या, भारतीय वंशाच्या एका स्वीडिश रुग्णात तो सापडल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१० मध्ये 'लॅन्सेट'च्या संसर्गरोगविषयक नियतकालिकातल्या लेखानंतर भारतात संतापाची लाट उसळली. शहराचे नाव जंतूला चिकटवणे मलाही रुचत नाही. पण नाव खटकले म्हणून जंतू खोटा ठरत नाही. २००८-०९ मध्ये भारतातल्या पंधरा मोठ्या केंद्रांच्या पाहणीत रुग्णांकडून मिळालेल्या स्टॅफ ऑरियसपैकी सुमारे ४१ टक्के एम.आर.एस.ए. होते.

माझ्या ओळखीचे एक काका पुण्यात काही दिवस दाखल राहून आले होते. इथल्या फॉर्मवर मुलाने "नाही" अशी खूण केली. म्हणाला, "उगाच आपल्या देशाची बदनामी कशाला? शिवाय ऑपरेशन पुढे गेले तर?" काकूंनी ऐकले नाही. त्यांनी इस्पितळाला फोन करायला लावला. नर्सने आभार मानले आणि एक जादा स्वॅब मागवला, एवढेच. हा स्वॅब गुदद्वाराचा असतो, म्हणून लोक जास्त संकोचतात. तो आपला आपण घेता येईल का, असे नि:संकोच विचारावे.

शेजारच्या खाटेवर केमोथेरपी घेणारी कोणी बाई असेल. तिने तुमचा फॉर्म पाहिलेला नाही, आणि तुमच्या उत्तरावर तिचा जीव अवलंबून असू शकतो.

म्हणून तीन विनंत्या. पहिली, फॉर्मवर आणि नळीवर खरे तेच लिहा. भारतातली भरती लपवू नका. दुसरी, निगेटिव्हला शुद्धतेचे प्रमाणपत्र समजू नका. निरोपानंतरही ताप, खोकला, जखमेतून पू असे काही असेल तर कळवा. तिसरी विनंती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्या वर्तुळात कोणी पॉझिटिव्ह आले तर त्यांच्यासाठी खरे सांगणे स्वस्त करा. त्यांना फोन करा, दुकानातून सामान आणून द्या. आपल्या घरी काम करणारी बाई किंवा आपल्या हाताखालचा माणूस असेल, तर त्या दिवसांचा पगार कापू नका.

आता प्रश्न विचारा. गुडघे सोडून.