अडल्या वेळचा दूरध्वनी

(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रशासकाने वार्षिक सभेत खाटांची संख्या, बाह्यरुग्णांची संख्या आणि जमाखर्च सांगावा असा प्रघात आहे. ते सर्व आकडे अहवालाच्या पुढील पानांत कोष्टकरूपाने दिलेले असल्यामुळे त्यांची पुनरुक्ती करीत नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. औषधोपचारांवर बोलण्याचा माझा अधिकार नाही. मात्र आपल्या प्रवेशद्वाराजवळची नोंदवही रोज सकाळी माझ्या टेबलावर येते. तीत रुग्णाचे नाव, गाव व आल्याची वेळ यांच्या पुढे ‘कसे आले’ असा एक रकाना आहे. मोटारसायकल, जीप, छोटा हत्ती, शेजाऱ्याची गाडी, १०८ अशा नोंदी त्यात असतात. हा रकाना भरताना आमचे कर्मचारी नातेवाइकांशी दोन शब्द बोलतात आणि संकट ओढवल्यावर त्या घराने पहिला फोन कोणाला केला, दुसरा कोणाला केला, हे त्या बोलण्यातून उलगडत जाते. आज मला त्याविषयी निवेदन करावयाचे आहे.

शहरातील मंडळींना वाटते की खेड्यातील माणसाला १०८ हा क्रमांक ठाऊक नसतो. हा समज खरा नाही. क्रमांक बहुतेकांना पाठ आहे. जपमाळेचे मणी एकशे आठ, त्यामुळे आजीबाईंनाही तो विसरता येत नाही. तरीही पहिला फोन तिकडे जात नाही. तो जातो भावाला, चुलत्याला, गावात ज्याची गाडी आहे त्याला, किंवा पुण्यात नोकरीस असलेल्या मुलाला. अडचणीत माणूस आधी आपल्या माणसाला हाक मारतो, आणि त्यात त्याला दोष देता येत नाही. पण त्या हाकांत वेळ जातो. शेतीपंपाची वीज रात्रपाळीने असलेल्या आठवड्यात पाणी भरावयास गेलेल्या एका शेतकऱ्यास साप चावला. त्यांच्या पत्नीने एकामागून एक तीन नातेवाइकांना फोन केले. तिघांनीही ‘मी निघालोच’ असे सांगितले आणि तिघेही खरोखर निघाले. परंतु रुग्ण मात्र त्या वेळात बांधावरच होता. चौथा फोन त्यांनी १०८ ला केला. रुग्ण पुढे बरा होऊन घरी गेला, म्हणूनच ही हकिगत आज मोकळेपणाने सांगता येते. त्या भगिनींनी आम्हास सांगितलेले वाक्य असे होते : “त्यो नंबर मोठ्या गावच्या लोकांचा आहे, आपल्या वावरात कशाला येतील ते, असं वाटलं.”

ही सेवा कोणासाठी आहे, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. इ. स. १९३५ च्या नोव्हेंबर महिन्यात लंडनमधील विंपोल स्ट्रीट येथील एका घरास आग लागली व पाच स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. एका शेजाऱ्याने अग्निशामक दलास फोन करण्याचा प्रयत्न केला होता, पण दूरध्वनी केंद्राने त्यास इतरांच्या रांगेत ताटकळत ठेवले. त्याने वृत्तपत्रास पत्र लिहून हा प्रकार उजेडात आणला. चौकशी झाली आणि ३० जून १९३७ रोजी लंडनमध्ये ९९९ हा क्रमांक सुरू झाला. म्हणजे या सगळ्या व्यवस्थेचा उगम एका सामान्य माणसाच्या न लागलेल्या फोनात आहे. आपल्या देशात १०८ ची सेवा १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबाद येथे सुरू झाली. महाराष्ट्रात ती जानेवारी २०१४ मध्ये आली. आरंभी राज्यासाठी ९३७ रुग्णवाहिका होत्या, त्यांपैकी २३३ मध्ये अतिगंभीर रुग्णांसाठीची साधनसामग्री होती. प्रत्येक गाडीत चालकाबरोबर डॉक्टर असावा, हे या योजनेचे महाराष्ट्रातील वैशिष्ट्य. गरोदर माता व नवजात बालकांना ने-आण करण्यासाठी १०२ हा वेगळा क्रमांक आहे, आणि २०२१ पासून पोलीस मदतीसाठी राज्यात ११२ कार्यान्वित झाला. १०८ च्या गाडीला भाडे नाही. हे वाक्य मी मुद्दाम सावकाश उच्चारतो, कारण ‘गाडीचे किती पडतील’ हा प्रश्न आजही रुग्णाच्या श्वासापेक्षा आधी विचारला जातो.

आता ज्या अडचणीविषयी मला अधिक सांगावयाचे आहे तिच्याकडे वळतो. ती अडचण पत्त्याची आहे.

भोकरदनहून केलेला १०८ चा फोन पुणे येथील नियंत्रण कक्षात उचलला जातो. तेथे बसलेला कर्मचारी कर्तव्यदक्ष असतो, मराठीच बोलतो; परंतु त्याने केळणा नदी पाहिलेली नसते. फोन करणारा घाईत म्हणतो, “जळगावहून बोलतोय, लवकर या.” तो जळगाव सपकाळचा असतो, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जळगाव जिल्हा उभा राहतो. “राजूर” म्हटले की आपल्याला राजुरेश्वर गणपती दिसतो. पण अकोले तालुक्यात राजूर आहे, यवतमाळ जिल्ह्यातही आहे. पिंपळगाव तर किती असावेत याची गणतीच नको. ‘रेणुकाई’ हा शब्द जोडला नाही, तर गाडी कोठे धाडावी हे कोणीही सांगू शकणार नाही. आणि गाव कळले तरी काम पूर्ण होत नाही, कारण आपली माणसे गावात असतातच कोठे? खरिपात ती शेतवस्तीवर, आखाड्यावर असतात. ‘बापूच्या मळ्यात’, ‘जुन्या बारवेच्या वरच्या अंगाला’, ‘खळ्याजवळच्या लिंबाखाली’ असे पत्ते आपसात अत्यंत अचूक असतात. आपल्या पोस्टमनलाही ते पुरतात. पुण्याच्या कक्षात मात्र त्यांचा उपयोग होत नाही. दोन्ही बाजूंना एकमेकांचे म्हणणे समजत नाही, दोघांचाही आवाज चढतो, आणि फोन करणाऱ्यास वाटते की हे आपल्याला उगाच उलटसुलट प्रश्न विचारीत आहेत. ते प्रश्न विचारले जात असतानाच गाडीचा शोध सुरू झालेला असतो, ही गोष्ट त्यास कोणी सांगितलेली नसते.

पुण्यातील मुलाने फोन केला तरी हाच पेच पडतो. हल्ली हे वारंवार घडते. आई-वडील मुलाला फोन करतात, मुलगा तिकडून १०८ ला कळवितो. फोन योग्य कक्षात जातो, त्यास भाषा येते, बोलणे नीट होते. परंतु घर सोडून बारा वर्षे झाल्यामुळे वस्तीकडे जाणारा रस्ता आता कोठून फुटतो हे त्यास ठाऊक नसते. अशा वेळी मुलाने जागेवरच्या माणसाचा क्रमांक कक्षास देणे, हीच त्याची खरी मदत ठरते.

सर्व अनुभवांतून जे पत्ते लागू पडले, त्यांत एक साम्य आढळते. आधी जिल्हा, मग तालुका, मग गावाचे पूर्ण नाव, आणि शेवटी डांबरी रस्त्यावरील अशी एक खूण की जी परक्या चालकालाही दिसेल : जिल्हा परिषदेची शाळा, पेट्रोल पंप, पाण्याची टाकी, फाटा. शेतापर्यंतचा रस्ता समजावून सांगण्यापेक्षा एका माणसाने बॅटरी घेऊन फाट्यावर उभे राहणे अधिक चांगले. आमचे जुने चालक म्हणतात की रात्री हलणाऱ्या बॅटरीइतका चांगला पत्ता दुसरा नाही, आणि पावसाळ्यात वळणरस्त्यावरून गाडी नेताना मी ते स्वतः पाहिले आहे.

पत्त्याखालोखाल अडचण येते ती फोन गुंतलेला असण्याची. गाडी निघाल्यावर तीतील डॉक्टर फोन करणाऱ्या व्यक्तीला उलट फोन करतात. रुग्ण शुद्धीवर आहे का, श्वास कसा आहे, रक्त किती गेले, हे विचारतात आणि गाडी येईपर्यंत काय करावे ते सांगतात. परंतु तोपर्यंत बातमी भावकीत पोहोचलेली असते आणि त्याच फोनवर मामा, मावशी, व्याही यांची रीघ लागलेली असते. डॉक्टरांना ‘व्यस्त’ असा सूर ऐकू येतो. इकडे घरच्यांना वाटते की गाडीवाल्यांनी विचारपूसही केली नाही. मग धीर सुटून ते रुग्णास मिळेल त्या जीपमध्ये घालून निघतात, आणि वाटेत रुग्णवाहिका व जीप एकमेकींच्या अंगावरून निघून जातात. असा प्रसंग आमच्या नोंदवहीत आलेला आहे. स्वतः निघावयाचे ठरविल्यास हरकत नाही. फक्त तसे १०८ ला पुन्हा कळवावे, म्हणजे दोन्ही गाड्यांची वाटेतच गाठ घालून देता येते.

आपल्या आपत्कालीन विभागातील डॉक्टरांनी माझ्याकरवी एवढेच सांगावयास दिले आहे : सर्पदंशात चिरा देऊ नये, घट्ट दोरी आवळू नये, हात किंवा पाय हलू देऊ नये व देवर्षीकडे वेळ घालवू नये, फवारणीचे औषध पोटात गेले असल्यास त्याची बाटली किंवा डबा रुग्णाबरोबर आणावा.

फोन न करण्यामागे भीतीही आहे. रस्त्यावर अपघात झालेला दिसतो, माणसे गोळा होतात, परंतु ‘पोलीस आपलेच नाव लिहून घेतील’ या धास्तीने कोणी पुढे होत नाही. ही धास्ती निराधार नव्हती. १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे जी हकिगत आली, तीत अपघातातील स्कूटरस्वाराला ‘पोलीस केस आहे’ म्हणून पहिल्या रुग्णालयाने परत पाठविले होते, आणि दुसऱ्या रुग्णालयाच्या वाटेवर त्याचा अंत झाला. न्यायालयाने तेव्हा निर्णय दिला की जीव वाचविणे हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे. पोलिसी सोपस्कार नंतर. मदत करणाऱ्यास संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंधनकारक केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने ती मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ म्हणून आली. जखमी माणसाला आणून सोडणाऱ्यास आपले नाव सांगण्याचीही सक्ती नाही. आपल्या प्रवेशद्वारावरील पहारेकऱ्यांना ही गोष्ट लेखी दिलेली आहे.

दुसरी भीती बिलाची. धर्मादाय रुग्णालय या नात्याने आपणास मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना लागू आहे. दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात, हे सर्वांस माहीत असते. त्याच योजनेतील पुढची अट तितकीशी प्रसिद्ध नाही. आणीबाणीच्या प्रसंगी अनामत रक्कम न मागता रुग्णास दाखल करून घ्यावे व त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंत आवश्यक उपचार द्यावेत, असे ती अट सांगते. येथे बसलेल्या नातेवाइकांनी हे गावी जाऊन अवश्य सांगावे.

आता विश्वस्त मंडळापुढील विनंती. वर वर्णन केलेल्या अनेक प्रसंगांत एक फोन आपल्याही रुग्णालयात येतो. तो उचलणारा मनुष्य याच तालुक्यातला असेल तर ‘बापूचा मळा’ म्हणजे कोठला, हे त्यास समजते किंवा दोन प्रश्नांत समजून घेता येते. मग तोच १०८ च्या कक्षास समजेल अशा भाषेत पत्ता कळवू शकतो, घरच्यांना धीर देऊ शकतो आणि सर्पदंशाचा रुग्ण येत असल्याची सूचना आत देऊ शकतो. नियंत्रण कक्ष व शेतवस्ती यांच्यामधला हा दुभाषी होय. आज रात्रीच्या वेळी हे काम नोंदणी खिडकीवरील कर्मचारी आपले मूळ काम सांभाळून करीत आहेत, व ते उत्तम करीत आहेत. तथापि खिडकीसमोर रांग असताना एका माणसाने दोन्हीकडे लक्ष द्यावे, ही अपेक्षा रास्त नाही. केवळ दूरध्वनीसाठी, रात्रंदिवस, पाळीपाळीने, तालुक्यातील गावे व वस्त्या यांची माहिती असलेली माणसे नेमावीत असा प्रस्ताव आजच्या विषयपत्रिकेवर आहे.

देणगीदारांच्या उदारतेविषयी मला नितांत आदर आहे. क्ष-किरण यंत्र, शस्त्रक्रिया टेबल, शीतपेटी यांवर आपल्या मातापित्यांची नावे कोरलेली पाहून मन भरून येते. परंतु दूरध्वनीवर बसणाऱ्या माणसाच्या पगारावर कोनशिला बसविता येत नाही, आणि म्हणूनच बहुधा या कामासाठी आजवर स्वतंत्र देणगी आलेली नाही. यंत्र एकदा घेतले जाते. पगार दरमहा लागतो. त्यासाठी कायम निधी उभारून त्याच्या व्याजातून हा खर्च भागवावा, असे सुचवितो.

हिशेबाची एक बाब शेवटी नमूद करतो. आपल्या जमाखर्च पत्रकात दूरध्वनी व तत्संबंधी वेतन हे ‘प्रशासकीय खर्च’ या शीर्षाखाली दाखविले जाते, आणि काटकसरीचा विषय निघाला की कात्री प्रथम त्याच शीर्षावर पडते. प्रस्तावित रक्कम ‘रुग्णसेवा’ या शीर्षाखाली दाखवावी, अशी माझी शिफारस आहे. लेखापरीक्षकांच्या संमतीने हा बदल करता येईल. कोषाध्यक्षांनी तयार केलेला खर्चाचा अंदाज सभासदांना वाटण्यात आलेला आहे. तो त्यांनी सभेपुढे मांडावा, अशी त्यांना विनंती करतो.