बिंदुनामावली दाराला लावा



नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांच्या लेखक-वाचकांनी मला या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष केलं, मी तुमचा ऋणी आहे. अध्यक्षानं साहित्याच्या प्रयोजनावर बोलावं असा रिवाज आहे. मी आज नोकरीवर बोलणार आहे. मागच्या रांगांत बसलेली पोरं-पोरी वर्षानुवर्षं फॉर्म भरताहेत, हॉलतिकीट काढताहेत, निकालाची वाट बघताहेत. आज मराठवाड्यात जे लिहिलं जातंय त्यातलं निम्मं या वाट बघण्यातून येतंय. आणि काल याच मांडवात, परिसंवादात, एका वाक्याला कडकडून टाळ्या पडल्या : ‘आरक्षणानं गुणवत्तेचा बळी घेतला.’ ते वाक्य खोटं आहे. मराठवाड्याच्या माणसानं ते उच्चारणं म्हणजे स्वतःच्या आजोबाला खोटं पाडणं आहे.

आजोबांचंच सांगतो. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दरबाराची भाषा फारसीवरून उर्दूवर आली. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेही उर्दू माध्यमाचं. प्रजा बहुसंख्येनं मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारी; कचेरीत मात्र लायक कोण, तर उर्दू येईल तो. गोदाकाठच्या हुशार पोराला हिशेब येत होता, जमिनीचा कायदा कळत होता, तरी तो नालायक ठरला. आणि ऐका, राज्यकर्त्यांच्या पंक्तीत बसलेल्यांनासुद्धा संरक्षण लागलं. उत्तर हिंदुस्थानातून शिकून आलेल्यांपुढे दख्खनची जुनी घराणी मागे पडू लागली, तेव्हा त्यांनी गाऱ्हाणं केलं आणि मुलकी नियम आले. नोकरी राज्याच्या रहिवाशालाच. हुकमत ज्यांची होती त्यांनीही राखीव जागा मागितल्या, हे इतिहासात नोंदलेलं आहे.

मग आपली पाळी आली. २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार काढून वाचा. सरकारी नोकऱ्यांत विभागाच्या लोकसंख्येच्या प्रमाणात प्रतिनिधित्व, हे त्यात लिहिलेलं आहे. राज्यघटनेचं कलम ३७१(२) वाचा. राज्याच्या सेवांमध्ये मराठवाड्याला पुरेशी संधी मिळावी, तंत्रशिक्षणाची पुरेशी सोय व्हावी, यासाठी राज्यपालांवर विशेष जबाबदारी टाकता येते. त्याच कलमाखाली १९९४ साली वैधानिक विकास मंडळं आली, एप्रिल २०२० मध्ये त्यांची मुदत संपली, आणि तेव्हापासून आपण ती परत मागतो आहोत. मागास भागाला त्याचा वाटा द्या, असं आपण सत्तर वर्षं सांगत आलो. मागास जातीला तिचा वाटा द्या म्हटलं की तुमच्या कपाळाला आठ्या का पडतात?

‘७०:३०’चं प्रकरण तर कालचं आहे. वैद्यकीय प्रवेशात सत्तर टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना, अशी पद्धत होती. मराठवाड्यात महाविद्यालयं कमी, म्हणून आपल्या मुलांना जास्त गुण असूनही जागा मिळेना. आपण गुणवत्तेचं नाव घेऊन आंदोलन केलं. सप्टेंबर २०२० मध्ये लातूरचेच अमित देशमुख वैद्यकीय शिक्षणमंत्री असताना ती पद्धत रद्द झाली. मागणी रास्त होती. पण का रास्त होती, ते नीट सांगा. आधीच मागे असलेल्याला ती पद्धत आणखी मागे ढकलत होती, म्हणून ती वाईट होती. कसोटी तीच आहे : वाटप मागे पडलेल्याला वर घेतं की आणखी दाबतं? जातीच्या आरक्षणाला हीच कसोटी लावा आणि मग टाळ्या वाजवा.

आता परीक्षांच्या तयारीचा लातूर पॅटर्न. रात्री बारापर्यंत दिव्याखाली बसणाऱ्या पोरांचा अवमान मी करणार नाही. त्यांनी या जिल्ह्याचं नाव काढलं. पण या पॅटर्ननं सिद्ध काय केलं, हे कुणी बोलत नाही. त्यानं सिद्ध केलं की गुण घडवता येतात. चांगला शिक्षक, सराव परीक्षांचा रतीब, शांत खोली, वेळेवर डबा आणि फीचे पैसे एवढं जुळवून आणा, की खेड्यातलं पोरगं राज्यात झळकतं. मग ज्याच्या घरी हे जुळलं नाही त्याचे वीस गुण कमी पडले, तर ते कमी कुणाचे? त्याच्या डोक्याचे की त्याच्या घराचे? जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशातलं ओबीसी आरक्षण कायम करताना हेच सांगितलं : परीक्षेतले गुण म्हणजे संपूर्ण गुणवत्ता नव्हे.

आणि हा पॅटर्न ज्या महाविद्यालयांत वाढला त्यातलं एक, १९७० साली स्थापन झालेलं, कुणाच्या नावाचं आहे? राजर्षी शाहूंच्या. १८९४ साली शाहू महाराज गादीवर आले तेव्हा दरबाराच्या सामान्य प्रशासनातल्या ७१ पदांपैकी ६० पदं एकट्या ब्राह्मण जातीकडे होती. २६ जुलै १९०२ ला त्यांनी हुकूम काढला : रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्यांना. त्या मागासलेल्यांत मराठेही होते. शाहूंच्या नावाच्या फाटकातून आत जायचं, शाहूंच्या नावाची गुणपत्रिका घ्यायची आणि बाहेर येऊन आरक्षणाला शिव्या घालायच्या, हे मला सहन होत नाही.

शाहू महाविद्यालयाचे एक प्राचार्य पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, डॉ. जनार्दन वाघमारे. अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या साहित्यावर त्यांनी मराठीत ग्रंथ लिहिला. तो वंशाचा प्रश्न त्यांनी मराठवाड्याच्या दारात आणून ठेवला, म्हणून तिकडचंच एक उदाहरण देतो. ड्यूक पॉवर ही नॉर्थ कॅरोलायनातली वीज कंपनी. काळ्या कामगारांना तिथे फक्त हमालीचं खातं. १९६५ साली भेदभावाला कायद्यानं बंदी आली, तेव्हा कंपनीनं बाकीच्या खात्यांसाठी शालान्त प्रमाणपत्र आणि लेखी चाचण्यांची अट घातली. अट सगळ्यांना सारखी होती. १९७१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं ती मोडून काढली, कारण त्या प्रमाणपत्राचा त्या कामाशी संबंध कंपनीला दाखवता आला नाही. निजामाची उर्दू आणि ड्यूक पॉवरचं प्रमाणपत्र यांत मला फरक दिसत नाही.

‘ते तिकडचं’ म्हणाल. इकडचं घ्या. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त आडनावं बदलली. २००७ साली निष्कर्ष छापून आले : उच्चजातीय नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश, मुसलमान नावाला सुमारे एक तृतीयांश. पदवी तीच, गुण तेच. तिथे तर आरक्षण नव्हतं, मग गुणवत्ता कुणी मारली? आणि आरक्षणानं कामाची वाट लागते म्हणणाऱ्यांनी अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ यांचा भारतीय रेल्वेचा अभ्यास वाचावा. आपल्या नांदेडला रेल्वेचा विभाग आहे, याची मुद्दाम आठवण करून देतो. १९८० ते २००२ या काळाच्या आकडेवारीत आरक्षणामुळे रेल्वेची उत्पादकता घटल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही.

गुणवत्तेचे हे कैवारी एका ठिकाणी मात्र मूग गिळून बसतात. अनुदानित शाळेत, महाविद्यालयात जागा निघते. पगार सरकारच्या तिजोरीतून, नेमणूक संस्थाचालकाच्या हातून. भाव कितीला फुटला, हे गावातल्या चहाच्या टपरीवरसुद्धा माहीत असतं. मी निवड समित्यांवर विषयतज्ज्ञ म्हणून बसलो आहे. एका ठिकाणी मुलाखतीआधीच नाव ठरलेलं होतं; मी सही न करता उठलो, तर दुसऱ्या तज्ज्ञाला बोलावलं गेलं. जमीन विकून वीस लाख भरणारा बाप आणि ते भरू न शकणारा नेट-सेट झालेला पोरगा, दोघंही याच मांडवात बसलेले असतील. विषयवार पदं अशी तोडायची की प्रत्येक ठिकाणी एकच उरावं, म्हणजे एकाकी पदाला आरक्षण नाही. बाकीच्या तासांवर तासिका तत्त्वाची माणसं राबवायची. शिक्षक पात्रता परीक्षेत सात हजारांहून अधिक उमेदवारांचे निकाल गैरप्रकाराचे ठरले. ते पैशांचे गुण होते. त्या वेळी गुणवत्तेसाठी किती मोर्चे निघाले?

आणि ज्या जागा भरायच्या, त्या आहेत कुठे? सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारनं नऊ संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला. ओरड झाली म्हणून ऑक्टोबरमध्ये मागे घेतला. निर्णय मागे गेला, कंत्राटी माणूस मात्र कचेरीत तसाच आहे. बाहेरून माणूस घेताना बिंदुनामावली, म्हणजे कोणतं पद कोणत्या प्रवर्गाला राखीव याची यादी, बघायला कुणी बसत नाही. त्याच ऑक्टोबरच्या सुरुवातीला, इथे नांदेडच्या शासकीय रुग्णालयात, २४ तासांत २४ जीव गेले. त्यात १२ नवजात बाळं होती. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि रिक्त पदांचा हिशेब विचारला. राखीव जागेवरच्या डॉक्टरच्या गुणांवर रात्ररात्र वाद घालणारे लोक, रिकाम्या खुर्चीचे गुण किती, हे का विचारत नाहीत?

मराठा आणि ओबीसी पोरांनो, आता तुमच्याशी बोलतो. अंतरवाली सराटीच्या मराठा आरक्षण आंदोलनापासून गावागावांत जे झालं ते मी पाहिलं आहे. एकमेकांच्या दुकानातून सामान घेणं बंद झालं, सोयरिकीच्या नव्हे पण मैत्रीच्या पंगती उठल्या. सोयाबीन हमीभावाच्या खाली विकून पोराची फी भरणाऱ्या मराठा शेतकऱ्याचं दुःख खरं आहे. त्याला ढोंग म्हणणारा माणूस माझा नव्हे. आणि मंडलनंतर पहिल्यांदा ज्याच्या घरात सरकारी पगार आला, त्या धनगर, वंजारी, साळी, माळी घराची भीतीही खरी आहे. मातंग समाजाची अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाची मागणी खरी आहे. १ ऑगस्ट २०२४ च्या निकालानं सर्वोच्च न्यायालयानं तिला वाट दिली आहे. पण शेतीचं दुखणं दाखल्यानं बरं होणार नाही. आटत चाललेल्या जागांसाठी तुम्ही एकमेकांच्या नरड्याला हात घातला आहे आणि जागा आटवणारा तुमच्याच सभांत हार घालून घेतो आहे. जातगणनेचा निर्णय केंद्रानं एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केला. आधी मोजणी होऊ द्या. कोण किती, कुणाकडे किती जमीन, कुणाच्या घरात किती पगार, हे आकडे समोर आल्यावर वाट्याची भाषा बोलू, आणि तेव्हा कुणाचं चुकलं तर मीही तोंडावर सांगेन.

या संमेलनाच्या समारोपात दरवर्षी ठराव होतात आणि फायलीत जातात. यंदा मी तीन ठराव मांडतो. दोन्ही जिल्ह्यांतल्या प्रत्येक अनुदानित संस्थेनं आपली बिंदुनामावली, मंजूर पदं, भरलेली पदं आणि रिकामी पदं दाराला लावावीत. निवड समितीच्या मुलाखतींचं चित्रीकरण व्हावं आणि ते उमेदवाराला मागता यावं. रिक्त पदं कंत्राटावर न देता आरक्षणासह नियमित भरावीत. संस्थाचालक मंडळी पहिल्या रांगेत बसली आहेत. त्यांच्यादेखत हात वर करा.